काळ्या विमानाला दिलेला रंग

आबांच्या बुटांचा आवाज अंगणातून यायचा आणि त्यावरून आजचा दिवस कसा जाणार हे आम्ही तिघं ओळखायचो. टाच जोरात पडत असली की आई चुलीवरचा तापलेला तवा उचलून पार मागच्या दाराशी नेऊन ठेवायची, कारण तो आबांच्या हाताशी असणं बरं नव्हे. पाय ओढत येत असले की पोटात कॅन्टीनची रम असायची. मग भाकरी करपली म्हणून एखादं ताट भिंतीवर जायचं आणि तेवढ्यावर भागायचं. आई, माझ्याहून थोडा मोठा विजूदादा आणि मी, अशी तीन माणसं त्या घरात कान टवकारून जगत होतो. आता माझं वय झालं, चित्रकलेची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, सांगलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, तरी जिन्यावर जड बूट वाजले की माझ्या हातातलं काम थांबतं. शेजारच्या बँकेतल्या साहेबांचे असतात ते. स्वभावानं फार गरीब माणूस आहे.

आबा म्हणजे माझे वडील. लष्करात ते विमानं पाडायच्या तोफेवर होते. नायब सुभेदार होऊन घरी आले आणि वडूजच्या अलीकडं, आमच्या माळावर, भरतीला जाणाऱ्या पोरांसाठी त्यांनी अकादमी काढली. अकादमी म्हणजे चुन्याच्या फक्कीनं आखलेला पळायचा गोल, दोन लिंबांच्या मधे लोंबकळायला बांधलेला पाइप आणि आमचं अंगण. आसपासच्या गावांतली पोरं दिवस उगवताना सायकली हाणत यायची. त्यांच्या आया आमच्या आईला वाटेत गाठून म्हणायच्या, "आवं वैनी, तुमच्या मालकांनी माज्या पोराचं सोनं केलं बगा." ते खोटं नव्हतं. पुष्कळ पोरं फौजेत लागली, पुढं हवालदार झाली. आबा परक्या पोरांना आईबहिणीवरून शिव्या द्यायचे, उलटी होईस्तोवर पळवायचे, पण त्यांच्या अंगाला हात लावत नसत. तो हात घरच्यांसाठी राखलेला होता. आई मात्र पदर नीट करायची आणि "हां" म्हणून पुढं चालायची.

रविवारचं मटण आबा स्वतः करायचे, हेही सांगायला हवं. खोबरं आणि तीळ तव्यावर काळपट होईस्तोवर भाजायचे, कांदा विस्तवात टाकायचा, पाट्यावर वाटप इतकं बारीक करायचं की बोटाला कण लागू नये. त्या वासानं अख्खी वस्ती आमच्या घराकडं तोंड करून बसायची. बाजरीची भाकरी कुस्करून वर रस्सा, आणि नळीचं हाड दादाच्या ताटात. स्वतःच्या हातानं वाढायचे. "खा रं. चोख. हाडं मजबूत हुत्यात." आदल्या दिवशी त्याच पोराच्या हाडांवर वेताची काठी तुटलेली असायची. दादा मान खाली घालून नळी चोखायचा आणि आबा त्याच्याकडं इतक्या मायेनं बघायचे की मला वाटायचं, कालचं आपण स्वप्नात बघितलं. अशा माणसाचा धड तिरस्कारही करता येत नाही, याचाच मला फार राग येतो.

आबांचा खरा जीव होता विमानांवर. सुताराकडून सागवानाचे तुकडे आणायचे आणि एक इंच म्हणजे सहा फूट असं माप धरून त्यांची विमानं कोरायची, हा त्यांचा दुपारचा उद्योग. पंखाची कड भाकरीच्या पापुद्र्याइतकी पातळ काढायचे. मग वरून काळा ऑइल पेंट. आपली विमानं काळी, शत्रूचीही काळी. मी एकदा विचारलं होतं, यांना रंग का देत नाही? त्या दिवशी पाय ओढत आलेले होते, म्हणून उत्तर मिळालं. "वर रंग दिसत न्हाई पोरी. सूर्य मागं असला की आपलं बी काळंच आन् त्येंचं बी काळंच. आकार वळकायचा. रंगाला भुलला त्यो मेला."

ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी तार ताणली होती. एका टोकाला आडोशाला पत्रा, दुसऱ्या टोकाला भुसा भरलेलं पोतं. पत्र्यामागून ते विमान हुकाला अडकवून सोडायचे. सुर्रकन तारेवरून जायचं आणि पोत्यावर आदळायचं. तेवढ्या पळभरात बघून सांगायचं. "दोस्त या दुश्मन?" याला ते 'पहचान' म्हणायचे. हे शिकवणं फौजी हिंदीत चालायचं. भरतीच्या परीक्षेत असलं काही विचारत नाहीत हे पोरांना ठाऊक होतं, पण आबांना ते सांगायची कुणाची टाप नव्हती. चुकलं की पोरांना अंगणाला फेऱ्या. दादाला काठी.

त्या विमानांत एक त्रिकोणी पंखांचं होतं. शेपटीला आडवे पंख नाहीत, नाक टोकदार. एकाच परदेशी कारखान्यानं त्या बांध्याची विमानं दोन्हीकडं विकलेली. आपल्याकडचं नवं, त्यांच्याकडचं जुनं. खऱ्या विमानांत फरक असेलही, पण आबांनी त्या जातीचं एकच विमान कोरलं होतं आणि ते दोन्हींच्या नावानं चालवायचे. ते तारेवरून सुटलं की दादाचा चेहरा उतरायचा.

"दोस्त," तो म्हणायचा.

"गलत. दुश्मन हाय." काठी पोटरीवर.

दुसऱ्या दिवशी तो म्हणायचा, "दुश्मन."

"गलत. आपल्या मान्साला पाडलंस, भडव्या. दोस्त हाय ह्यो." काठी पाठीवर.

एकदा दादानं हिंमत करून विचारलं, "आबा, काल तर दुश्मन हुता." त्यावर आबांनी काठी बाजूला ठेवली आणि हातानं मारलं. काठीपेक्षा हात वाईट, कारण काठी तुटते.

माझी भाची मानसशास्त्र शिकलेली आहे. ती म्हणते, आत्या, आजोबांनी लढाईत काही भयंकर पाहिलं असणार. मी तिला सांगते, बाई गं, त्यांची तोफ ज्या ठाण्यावर होती तिथं लढाई कधी पोचलीच नाही. आयुष्यभर त्यांनी आभाळाकडं बघितलं आणि आभाळातून कुणी आलं नाही. आणि आईला पहिली थोबाडीत त्यांनी लग्नाच्या हळदीच्या अंगानं मारली होती, तेव्हा ते फौजेत गेलेलेही नव्हते. काही माणसांना मारायला आवडतं. याला मोठं नाव देऊन त्यांची सोय कशाला करायची?

एका उन्हाळ्यात पहचान घेताना आबांनी दादाची करंगळी मोडली. ती त्याच त्रिकोणी विमानापायी. बोट उलटं वाकवून उत्तर विचारत होते आणि दादा एकदा दोस्त म्हणत होता, एकदा दुश्मन. ओली काटकी मोडते तसा आवाज झाला. हाड बसवणाऱ्याला आम्ही सांगितलं, सायकलवरून पडला. त्याला ते पटलं नसावं, पण आबांना सगळे ओळखून होते, त्यानं मुकाट पट्टी बांधली. दादा फौजेत जायला निघालेला पोरगा, आणि हाताचं बोट वाकडं राहिलं तर भरतीचे डॉक्टर घेणार नाहीत, म्हणजे त्या घरातून बाहेर पडायची वाटही गेली. त्या रात्री मला झोप आली नाही. मला एवढंच हवं होतं, की त्या विमानाचं उत्तर एकदाचं ठरून जावं. एकच उत्तर. ते दिलं की मार नाही.

आबा गुडघा दाखवायला पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यात गेले आणि चार-सहा दिवस घर मोकळं झालं. मी त्रिकोणी विमान खाली काढलं आणि वडूजला एसटी स्टँडजवळ गाड्या रंगवणाऱ्या इस्माईलचाचांकडं गेले. ते गोष्टींतल्या चाचांसारखे प्रेमळ वगैरे नव्हते, तिरसट होते. "विमान? तुज्या बाचं हाय व्हय? मग मला मारून टाकशील गं बये," म्हणाले. पण डब्यांच्या तळाशी उरलेले रंग त्यांनी बाटल्यांत ओतून दिले आणि ट्रकवर रेषा मारायचा बारीक ब्रशही वापरायला दिला. "परत आण. केस तुटला तर तुजेच केस लावीन त्याला."

आधी काचपेपरनं काळा रंग घासला. आबांनी तो इतका दाट दिला होता की बोटांची सालं निघाली, लाकूड काही दिसेना. मग अस्तर. पोटाकडच्या बाजूला फिकट निळा, खालून बघणाऱ्याला आभाळ वाटावं म्हणून. काळा त्यातून डोकावत राहिला, दोनदा द्यावा लागला. पाठीवर मात्र जमीन उतरवायची होती, वरून उडणाऱ्या शत्रूला खाली विमान न दिसता नुसता मुलूख दिसावा अशी. कुठला मुलूख? मी टेकडावरच्या देवळापाशी चढून गेले आणि खाली बघत बसले. मुरमाचे तांबूस पट्टे, मधेच लिंबाची, बाभळीची गचपणं, विहिरीभोवती तेवढी हिरवळ. खटावचा आमचा कोरडा माळ तसाच्या तसा मी त्या पंखांवर घेतला. तांबूस आणि हिरवा जिथं भेटतात तिथं रेघ दिसू नये म्हणून कापसाच्या बोळ्यानं टिपत गेले. एवढं मोठं काही मी त्याआधी केलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही केलं नाही. शाळेत पुढं तीस वर्षं पोरांकडून फुलदाण्या काढून घेतल्या.

शेवटी निशाण्या. पेनच्या टोपणाचं तोंड केशरी रंगात बुडवून पंखांवर गोल उठवला, आतला पांढरा ब्रशनं भरला, मधोमध आगकाडीच्या बुडानं हिरवा ठिपका. कडेला केशरी, आत हिरवा, हे मी कॅलेंडरवरच्या चित्रात दहादा बघून घेतलं होतं. शेपटीवर टेपच्या पट्ट्या लावून तीन उभे रंग. दादा बांधलेला हात मांडीवर घेऊन शेजारी बसला होता. आई शेंगा भाजत होती आणि गरम गरम शेंगा आमच्याकडं फेकत होती. आबा नसले की ती अशी फेकाफेकी करायची.

"संगे, मरशील गं," दादा म्हणाला.

"मरते. पण आता सांग, दोस्त का दुश्मन?"

त्यानं विमान हातात घेतलं, फिरवून खालून-वरून बघितलं. "दोस्त की गं," म्हणाला. "आता दुश्मन कसं म्हन्तील त्येला? आंदळा बी दोस्त म्हनंल." आणि तो हसला. त्याचा पुढचा दात अर्धा होता, त्यामुळे तो तोंडावर हात धरून हसायचा, पण त्या दुपारी हात धरायचा विसरला.

आबा आले. तारेखाली उभे राहून विमान बघितलं. उतरवलं, अंगठा गोलावरून फिरवला. आम्ही तिघं चुलीपाशी उभे. "कुणी केलं?"

"मी, आबा."

विमान उजेडाकडं धरून उलटसुलट केलं. मग म्हणाले, "हात चांगला हाय तुजा." त्यांनी माझं केलेलं ते एकमेव कौतुक. मी इतकी फुलून गेले की जेवताना आपलाच हात बघत बसले.

सकाळी पोरं अंगणात रांगेत बसली. आबा पत्र्यामागं गेले. पहिलंच विमान सुटलं ते माझं, तारेवरून माझा माळ सुर्रकन गेला आणि पोत्यावर थडकला.

"बोल विजय. दोस्त या दुश्मन?"

"दोस्त!" दादा पोरांसमोर छाती काढून म्हणाला.

"कशावरनं?"

"गोल हाय की तिरंग्याचा. शेपटीवर बी हाय."

"म्हंजी रंग बगितलास." आबा पत्र्यामागून बाहेर आले, हातात काठी. "उद्या दुश्मनानं आपला रंग फासला तर? येऊ देणार त्येला गावावर?" आणि पहिली काठी दादाच्या कानशिलावर बसली. मग मानेवर, मग त्या बांधलेल्या हातावर. पोरांतलं कुणी तरी भीतीनं फिदकन हसलं. आबांनी विमान हुकावरून काढून दादासमोर टाकलं. "तोड. पायाखाली घे."

"न्हाई."

"तोड म्हन्तो ना."

"संगीनं केलंय ते. मी न्हाई तोडनार."

आबांनीच बूट ठेवला. सागवान ते, एकदम मोडलं नाही, दोनदा टाच मारावी लागली. मग ते माझ्याकडं वळले. माझं मनगट धरून फरफटत हातपंपाच्या दगडी कट्ट्यापाशी नेलं, उजवा हात कट्ट्यावर पालथा दाबला आणि म्हणाले, "लय चांगला हाय न्हव ह्यो हात?" काठी वर गेलेली मी बघितली आणि डोळे मिटले. ती आली नाही. डोळे उघडले तेव्हा दादानं काठी हवेतच धरली होती.

पुढचं मी जसं दिसलं तसं सांगते. दादानं काठी हिसकून गुडघ्यावर मोडली आणि उरलेल्या बुंध्यानं आबांच्या तोंडावर हाणलं. दात पडले. आबा कट्ट्यावर आपटून खाली आले तसा तो त्यांच्या छातीवर बसला आणि चांगल्या हातानं मारायला लागला. त्यानं इतकी वर्षं जोर काढले होते, पाइपला लोंबकळला होता, नळ्या चोखल्या होत्या. ते सगळं त्या मुठीत होतं. नाक फुटलेलं मला ऐकू आलं. आणि तो विचारत होता, "बोल! दोस्त या दुश्मन? बोल, मी कोन?" आबांच्या तोंडातून रक्ताच्या बुडबुड्यांतून आलं, "दोस्त." "गलत!" आणि मूठ. पुन्हा, "बोल!" "दुश्मन..." "गलत!" पुन्हा मूठ. आबा हात जोडत होते. पोरं भिंतीला चिकटून उभी होती, एकही पुढं आला नाही. पहिल्या दोन ठोशांना मला आनंद झाला, तो मी नाकारणार नाही. मग मला दादाचं तोंड दिसलं. ते आबांचं तोंड होतं, तसंच, खालचा ओठ दातांत धरलेला. मी धावत जाऊन त्याच्या दंडाला लोंबकळले. "दादा, सोड, मरतील ते." त्यानं मागं न बघता हात झटकला आणि मग वळून, मला ओळखून, माझ्या कानाखाली पूर्ण ताकदीनं मारली. डाव्या कानानं मला अजून धड ऐकू येत नाही.

"विजय, ऊठ," आई म्हणाली. ओरडली नाही. कणकेचे हात तसेच, दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तो उठला. मला जमिनीवर बघून रडायला लागला, "संगे, संगे" म्हणत माझ्याकडं आला. आई मधे आली. "हात लावू नगंस तिला."

पोरांनी आबांना मोटारसायकलवर मधे बसवून वडूजला डॉक्टरकडं नेलं. आईनं पिशवीत दादाचे कपडे भरले, फडक्यात भाकरी आणि शेंगांची चटणी बांधली. तासगावला माझ्या मामाची द्राक्षबाग होती. मला वाटलं, आबा परत यायच्या आत पोराला वाचवतेय. फाट्यावर गाडीची वाट बघताना कळलं, तसं नव्हतं.

"दोन-चार दिसांत यीन," दादा म्हणाला.

"यायचं न्हाई," आई म्हणाली. "सणाला न्हाई, कशाला न्हाई."

"आई, त्याची काय चूक गं?" माझा कान वाहत होता, मी पदरानं धरला होता. "त्यानं मला सोडवलं."

"आन् तुला मारलं बी त्येनंच."

"मला हाकलतीस?" दादा म्हणाला. "मला? त्येंना सोडून?"

"व्हय, तुला. त्यो म्हातारा व्हईल, मरंल. तू अजून लय जगनार हायस." तिनं पिशवी त्याच्या हातात दिली. "एकाला निभावलं म्या. पोटच्याला त्या जागी बगायची ताकद न्हाई माज्यात. जा. हात कामाला लाव."

विट्याची गाडी आली. दादा चढला आणि आमच्या बाजूच्या खिडकीत बसला नाही. आबांना पुढं अर्धांग झालं, त्यांचं सगळं आईनंच केलं, दादा मात्र त्यांच्या मातीलाही आला नाही. तासगावात तो आजही बाग छाटतो. त्याच्या दोन्ही मुलींवर त्यानं कधी हात उगारला नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणून आईचं बरोबर ठरलं, असं लोक म्हणतात. मला ते अजूनही म्हणवत नाही. मला माझा भाऊ त्या घरात, मार न खाता, हवा होता.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. आई रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसली. आबांचा मार खाताना मी तिला कधी रडलेली पाहिली नव्हती, डोकं फुटून टाके पडले तेव्हाही नाही. त्या दिवशी फाट्यावरच्या चहाच्या टपरीतली माणसं उठून बघायला लागली, इतक्या मोठ्यानं ती रडली.